झुडपी जंगलातला रातवा

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्यात अंधार पडल्यावर नागपूरहून काटोलकडे किंवा उमरेडकडे निघालात, तर गाडीच्या उजेडात रस्त्यावर दोन लालसर निखारे चमकताना दिसू शकतात. जवळ गेलं की ते आवाज न करता उडून जातात. हा रातवा.

दिवसभर हा पक्षी पाचोळ्यात जमिनीला चिकटून बसतो. तपकिरी, करड्या, काळ्या रेघांचं त्याचं अंग पाचोळ्यात असं मिसळून जातं, की आपलं पाऊल अगदी जवळ पडेपर्यंत तो दिसत नाही आणि उठतही नाही. झाडावर बसलाच तर फांदीच्या लांबीला धरून बसतो, म्हणजे तिथेही फांदीचाच भाग वाटतो.

दिवस मावळला की त्याची शिकार सुरू होते. चोच इवलीशी, पण जबडा उघडला की थेट डोळ्यांखालपर्यंत फाकतो, कडेला राठ केसही असतात. पतंग, भुंगेरे, पहिल्या पावसात उडणारी वाळवी हा उडता उडताच टिपतो. अळ्या ज्यांच्यापासून होतात ते पतंग खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा सोबतीच म्हणायचा! वटवाघळासारखी प्रतिध्वनीची सोय त्याच्याकडे नाही. तो डोळ्यांनी शिकार करतो, त्यामुळे चांदण्या रात्री त्याला जास्त वेळ मिळतो. 'चुक्-चुक्-चुक्-चुकर्रर्र' असा आवाज धुऱ्याकडून आला, तर तो आपला भारतीय रातवा समजा.

घरटं तो बांधतच नाही. उघड्या जमिनीवर दोन अंडी, एवढाच त्याचा संसार. धोका जवळ आला की पंख मोडल्याचं सोंग करत फडफडतो आणि आपल्याला पिल्लांपासून दूर नेतो.

पण आगीपुढे हे सोंग चालत नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवतात, आणि विणीचा हंगाम नेमका त्याच दिवसांत असतो. जाळण्याऐवजी झाडाखालची जागा झाडून घेतली, तरी अंडी वाचतात.

दुसरी गोष्ट आपल्या झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भातल्या या जमिनीला लोक सर्रास पडीक म्हणतात, मला ते पटत नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं सांगितलं. मोठी झाडं नसलेलं हे रानच रातव्याला हवं असतं.

आणि रात्री गाडी चालवताना ते निखारे दिसले, तर वेग कमी करा, डिपर द्या. प्रखर उजेडाने तो दिपून जागीच बसून राहतो. क्षणभर थांबलात, तर त्याला उडायला वेळ मिळेल.