दुसऱ्यांच्या खांद्यांवरून झालेली सुटका

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणारे नॉर्वेजियन प्रतिकारक यान बोल्सरूड यांच्या सुटकेची हकीकत बहुधा एका माणसाच्या अचाट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती जिद्द मला नाकारायची नाही, पण मला बोलायचे आहे ते त्यांना वाचवणाऱ्या गावांविषयी.

मार्च १९४३ मध्ये ब्रिटनच्या शेटलंड बेटांवरून 'ब्राटहोल्म' ही मासेमारी नौका बोल्सरूडसह बारा माणसे आणि स्फोटके घेऊन जर्मनांच्या ताब्यातल्या उत्तर नॉर्वेकडे निघाली. किनाऱ्यावरच्या ज्या दुकानदाराशी संपर्क साधायचा होता तो वारला होता आणि त्याच नावाचा दुसरा माणूस दुकान चालवत होता. आलेले लोक म्हणजे जर्मनांनीच आपली परीक्षा घेण्यासाठी पाठवलेली माणसे असावीत, अशी शंका त्याला आली आणि खबर जर्मनांपर्यंत पोहोचली. त्याला सरसकट देशद्रोही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण प्रतिकारक असल्याचे सोंग घेऊन लोकांना पकडून देणारी रिनानची टोळी त्याच काळात त्रोन्हेममधून काम करत होती. टॉफ्टेफ्योर्ड या फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यात, जर्मन जहाजाने नौका गाठली. अकरा जणांना प्राणास मुकावे लागले आणि पायाच्या अंगठ्याला गोळी लागलेले, एका पायातला बूट गमावलेले बोल्सरूड तेवढे गोठत्या पाण्यातून पोहून निसटले.

पुढे हिमकडा कोसळून ते त्यात सापडले, बर्फावरच्या प्रखर उजेडाने त्यांची दृष्टी गेली आणि अशा अवस्थेत चाचपडत ते फुरुफ्लातेन गावातल्या एका घराच्या दारात पोहोचले. त्या घरच्या मारियस ग्रोनव्होल यांनी त्यांना कोठारात लपवले. याची किंमत काय असू शकते, हे नॉर्वेत सर्वांना ठाऊक होते. वर्षभरापूर्वीच, एप्रिल १९४२ मध्ये, बर्गनजवळच्या तेलेवोग गावात लपलेल्या प्रतिकारकांशी झालेल्या चकमकीत गेस्टापोचे (जर्मन गुप्त पोलिसांचे) दोन अधिकारी मारले गेले, तेव्हा जर्मनांनी सगळी घरे जमीनदोस्त केली, नावा बुडवल्या आणि गावातल्या पुरुषांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत धाडले. त्यांतले ३१ जण तिथेच मेले.

तरीही ग्रोनव्होल आणि त्यांच्या सोबत्यांनी बोल्सरूडना रात्री होडीने फ्योर्ड ओलांडून रेव्हदालच्या एका खोपटात नेले. खोपट इतके लहान होते की पाय पसरून निजण्यापलीकडे तिथे काही करता येत नसे. थट्टेने त्याला 'हॉटेल सॅव्हॉय' म्हणत. वादळामुळे काही दिवस कोणाला पोहोचता आले नाही. गँगरीन (मांस कुजणे) वर चढू नये म्हणून बोल्सरूडनी या प्रवासात खिशातल्या चाकूने स्वतःच्या पायाची बोटे कापली.

मग माणसांनी त्यांना घसरगाडीला बांधून जवळजवळ उभ्या उतारावरून पठारावर चढवले. डोंगरापलीकडच्या मानदालेनच्या लोकांनी तिथे येऊन त्यांना ताब्यात घ्यायचे ठरले होते, पण खराब हवामानात चुकामूक झाली. अखेर मानदालेनकरांनी बर्फ उकरून त्यांना शोधले, तेव्हा हा माणूस मेलेला असावा असेच त्यांना प्रथम वाटले. त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे, आळीपाळीने, शेतीभाती सांभाळत, हे लोक वर अन्न पोहोचवत राहिले. गावात जर्मन सैनिक असताना घरातला कर्ता पुरुष रात्रभर कुठे होता याला रोज नवे कारण लागते. म्हणजे घरातल्या बायकामुलांनाही या कटात वाटेकरी व्हावेच लागते. खांदा देणाऱ्यांची नावे नोंदली जातात, गप्प राहणाऱ्यांची क्वचितच.

शेवटचा टप्पा सामी लोकांचा, म्हणजे उत्तरेकडच्या रेनडिअर पाळणाऱ्या आदिवासींचा होता. सीमा ओलांडायची तर वाट फिनलंडमधून, आणि फिनलंड तेव्हा जर्मनीच्या बाजूने लढत होता. वसंतात रेनडिअरांचे कळप हलवण्याचा सामींचा शिरस्ता होता, त्यामुळे कळपाआडून एक घसरगाडी नेणे शक्य झाले. १ जून १९४३ च्या सुमारास बोल्सरूड तटस्थ स्वीडनमध्ये पोहोचले. बरे झाल्यावर ते ब्रिटनला परतले आणि स्कॉटलंडमध्ये इतर नॉर्वेजियनांना प्रशिक्षण देऊ लागले. १९८८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी मानदालेनमध्ये, त्यांना मदत केलेल्या आणि १९४३ मध्येच निधन पावलेल्या अस्लाक फॉसव्होल यांच्या कबरीत ठेवल्या गेल्या.