दुसऱ्या सिझेरियनच्या आधी

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतील सोनोग्राफीच्या पडद्यावर एक करडी हालचाल दिसते. गर्भवतीने खोल श्वास घेतला आणि सोडला, की पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने गर्भाशय वरखाली सरकते. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीमध्ये ही हालचाल मोकळी दिसली, तर आत मोठा चिकटलेपणा नसण्याची शक्यता अधिक असते. गर्भाशय जागचे हललेच नाही, तर ते पोटाच्या भिंतीला चिकटले असावे अशी शंका घ्यावी लागते. नेहमीच्या सोनोग्राफीतच काही मिनिटांत होणाऱ्या या पाहणीला वेगळे यंत्र लागत नाही, तरीही ती सर्वत्र नियमाने होत नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

पहिल्या शस्त्रक्रियेची जखम भरून येताना गर्भाशय, मूत्राशय आणि पोटाचे आवरण एकमेकांना चिकटू शकतात. पुढच्या वेळी मूत्राशय नेहमीच्या जागेहून वर ओढले गेलेले असते, ते सोडवताना त्याला इजा होऊ शकते, आणि बाळापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बाळाचे ठोके मंदावलेले असताना हा विलंब फार महागात पडतो.

2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात 21.5 टक्के, महाराष्ट्रात 25.4 टक्के आणि गोव्यात 39.5 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. त्यांतील अनेक स्त्रिया पुन्हा गरोदर राहतील, आणि प्रत्येकीच्या गर्भाशयावर जुना व्रण असेल.

सर्वांत गंभीर धोका वारेचा, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवाचा (प्लॅसेंटा) आहे. वार खाली, जुन्या व्रणावर रुजली, तर ती गर्भाशयाच्या स्नायूत खोलवर शिरू शकते. प्रसूतीनंतर ती सुटत नाही, सोडवू पाहिल्यास रक्तस्राव आवरत नाही, आणि अनेकदा आईचा जीव वाचवण्यासाठी गर्भाशय काढावे लागते. अमेरिकेतील 30,132 स्त्रियांच्या सिझेरियनचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. वार गर्भाशयाच्या मुखावर असलेल्या स्त्रियांमध्ये ती अशी रुतलेली असण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी सुमारे 3 टक्के, दुसऱ्या वेळी 11 टक्के, तिसऱ्या वेळी 40 टक्के आणि चौथ्या वेळी 61 टक्के आढळले. म्हणूनच आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या सोनोग्राफीत बाळाइतक्याच काळजीने वारेची जागा पाहिली पाहिजे. वार आणि स्नायू यांच्यामधली काळसर रेषा नाहीशी झाली आहे का, वारेत रक्ताने भरलेल्या वेड्यावाकड्या पोकळ्या आहेत का, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत मूत्राशयाच्या बाजूला रक्तवाहिन्यांची दाटी दिसते का, या खुणा जाणकार डोळ्यांना सापडतात. त्या न दिसल्या म्हणून धोका नाही असे मात्र म्हणता येत नाही. जुना व्रण आणि खाली आलेली वार एवढेच सावध होण्यास पुरेसे आहे.

अंदाज बांधायचा तो प्रसूती कोठे व्हावी हे वेळेत ठरवण्यासाठी. वार रुतल्याची शंका असेल, तर शस्त्रक्रिया बहुधा 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच, अनुभवी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, नवजात शिशू विभाग आणि रक्तपेढी हाताशी असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठरवून करतात. ज्या तालुक्याच्या ठिकाणी रक्ताची पिशवी जिल्ह्याहून आणावी लागते, तेथे रात्री कळा सुरू झाल्यावर ही धावपळ करणे म्हणजे दोन जिवांशी खेळणे होय.

या अंदाजातला एक महत्त्वाचा दुवा आपल्याकडे सहज तुटतो. पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी किंवा शहरात, ही रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद माहेरच्या गावातील दवाखान्यात किंवा कपाटात राहतात, आणि नव्या डॉक्टरांना पोटावरचा आडवा व्रण तेवढा दिसतो. त्वचेवरचा छेद आडवा असला, तरी आत गर्भाशयावर तो उभा घेतलेला असू शकतो, आणि गर्भाशयाच्या वरच्या भागातील उभा व्रण कळांच्या वेळी फाटण्याचा धोका बराच अधिक असतो. गर्भाशयावरचा छेद कसा होता, चिकटलेपणा कोठे आढळला, मूत्राशय कितपत वर होते, रक्तस्राव किती झाला, नंतर जंतुसंसर्ग झाला का, एवढ्या गोष्टी पहिल्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहाव्यात, आणि त्या कार्डाचे छायाचित्र बाळंतिणीच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असावे.