शेअर कुणाच्या नावावर?

संध्याकाळचे सात वाजलेत. हिंजवडीहून निघालेल्या गाड्यांची रांग अजून जागची हललेली नाही. पण या मोबाइलवर अमेरिकी शेअरचे आकडे पळायला लागलेत, कारण न्यू यॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ झालेत. नोव्हेंबरात तिथली घड्याळं तासभर मागे गेली की हाच बाजार आपल्याकडे आठला उघडेल.

ही ब्रॉड स्ट्रीटवरची न्यू यॉर्क स्टॉक एक्स्चेंजची इमारत, 1903 ची. सहा खांब, आणि वरच्या त्रिकोणात मधोमध उभी आहे ती सचोटी. बाजारानं स्वतःच्या दारावर हीच मूर्ती बसवून घेतली, हे ध्यानात असू द्या.

इथून जवळच, वॉल स्ट्रीटवर 68 क्रमांकाच्या घरासमोर, बटनवुडचं झाड होतं. 17 मे 1792 रोजी 24 दलालांनी एका कागदावर सह्या केल्या. मजकूर दोन-चार ओळींचाच: दलाली पाव टक्क्याहून कमी घ्यायची नाही, आणि व्यवहारात आधी एकमेकांना प्राधान्य द्यायचं. आपल्या मुंबईतही टाउन हॉलसमोर वडाखालीच दलाल जमायचे, त्यांची संघटना 1875 ची. त्या अमेरिकी कागदात गुंतवणूकदाराच्या हिताचं मात्र एक अक्षर नाही. त्याच्या बाजूनं उभी राहणारी नियामक संस्था, एसईसी, यायला 1934 उजाडलं. त्याआधी 1929 ची पडझड सोसावी लागली.

आता आतला हा मजला पाहा. जॅकेट घातलेली माणसं, स्क्रीनच स्क्रीन, सज्जात घंटा. बाजार इथेच चालतो असं वाटतं ना? बहुतेक सौदे जुळतात ते न्यू जर्सीतल्या माहवाला, या बिनखिडक्यांच्या भिंतींमागे. दलालांचे सर्व्हर तिथेच भाड्यानं ठेवलेले असतात. कुणाचा सर्व्हर सौदे जुळवणाऱ्या यंत्राला जवळ, कुणाचा लांब. जवळच्याची ऑर्डर आधी पोचू नये म्हणून त्याची केबलही मुद्दाम वेटोळी घालून लांबच्याइतकीच केलेली असते. सचोटीची ती मूर्ती मला या वेटोळ्यात जास्त दिसते.

टाइम्स स्क्वेअरचा हा झगमगता मनोरा नॅसडॅक या दुसऱ्या शेअर बाजाराचा. हा बाजार 8 फेब्रुवारी 1971 ला सुरू झाला तो संगणकावरच, सौद्यांचा मजला त्याला कधी नव्हताच. पुण्यात 1981 साली स्थापन झालेली इन्फोसिस 1999 मध्ये इथेच नोंदली गेली.

तुम्ही ॲपवर ‘बाय’ दाबता. ऑर्डर अमेरिकी दलालाकडे जाते आणि तिथून एखाद्या एक्स्चेंजकडे किंवा ऑर्डर स्वतःच पुरी करणाऱ्या मोठ्या घाऊक व्यापाऱ्याकडे. एक्स्चेंज डझनाहून जास्त आहेत, पण दुसरीकडे चांगला भाव लागलेला असताना त्याहून वाईट भावात सौदा उरकू नये, असा नियम आहे. मे 2024 पासून हिशेब सौद्याच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो.

मग शेअर येतो कुणाच्या नावावर? आपल्याकडे डीमॅट खातं तुमच्या नावाचं असतं. तिकडे कंपनीच्या वहीत सहसा ‘सीड अँड कंपनी’ हे नाव असतं. सगळ्यांचे शेअर एकत्र सांभाळणाऱ्या मध्यवर्ती डिपॉझिटरीनं नेमलेली ही नामधारी संस्था. तुमचं नाव दलालाच्या दप्तरात. मालकी तुमचीच, पण ती सिद्ध होते त्या दप्तरातून. पैसे पाठवण्याआधी दलालाला हे विचाराच, आणि दप्तर नेमकं कोण ठेवतं हेही.

आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत हे सांगणारा डब्ल्यू-8बेन फॉर्म भरला असेल तर लाभांशाच्या 100 डॉलरमधले 25 तिकडेच कापले जातात, नसेल तर 30. आणि खातेदार गेला, तर 60 हजार डॉलरच्या वरच्या अमेरिकी शेअरवर तिथला वारसा कर, 40 टक्क्यांपर्यंत.

बाजार रात्री दीडला बंद होईल. त्याआधी हे नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसलेत. तो सांगतोय, ती लिहून घेतेय: दलालाचं नाव, खाते क्रमांक, फॉर्म कधी भरला, कुठला शेअर किती.