सायरन वाजला की सुरू होणारा धबधबा: उंब्रियातल्या आडवाटा

हा भोंगा ऐकलात? कुठल्या कारखान्याची शिफ्ट सुटलेली नाहीये. समोर त्या कड्याकडे बघा. आत्ता तिथे नुसती शेवाळलेली ओली भिंत आहे आणि मधूनच बारीकशी धार ओघळतेय, आपल्याकडे एप्रिलमधे असतो तसा धबधबा. थांबा जरा, कॅमेरा हलवू नका. आलं... आलं बघा पाणी. आधी पांढरी रेघ, मग पडदा, आणि आता तर बाजूच्या माणसाचंही ऐकू येत नाहीये.

हा मार्मोरेचा धबधबा, इटलीत तेर्नी शहराजवळ. उंची १६५ मीटर, तीन टप्प्यांत, आणि पहिली उडीच ८३ मीटरची. पण याची खरी गंमत उंचीत नाहीये. हा धबधबा टाइमटेबलवर चालतो, म्हणजे ठरलेल्या वेळी पाणी सोडतात, ठरलेल्या वेळी बंद करतात, नळ फिरवावा तसं. उरलेल्या वेळात हेच पाणी खाली गॅलेतोच्या वीजकेंद्रात जातं, जे १९२९ पासून सुरू आहे. लोक तिकीट काढून येतात, रेनकोट घालून उभे राहतात, आणि वेळ चुकली की सुकी भिंत बघून परत जातात. आमची पण पहिल्या दिवशी चुकली, हे आपलं जाता जाता सांगून ठेवतो.

आणि यात वीजवाल्यांना शिव्या घालायचं काही कारण नाही, कारण मुळात हा धबधबा निसर्गाने केलेलाच नाहीये. वर रिएतीच्या पठारावर वेलिनो नदी साचून राहायची, सगळी दलदल, डास, रोगराई. इसवी सनापूर्वी २७१ मधे मानियुस क्युरियुस देंतातुस या रोमन अधिकाऱ्याने कालवा खोदून ते पाणी कड्याच्या टोकापर्यंत आणलं आणि खाली नेरा नदीत ढकलून दिलं. वरच्यांची शेती सुटली. पण खालच्या तेर्नीवाल्यांच्या डोक्यावर पुराचं पाणी यायला लागलं ना! मग वरचं गाव विरुद्ध खालचं गाव, जे जगात सगळीकडे होतं तेच, आणि हे भांडण इतकं चिघळलं की इसवी सनापूर्वी ५४ मधे रिएतीच्या बाजूने वकिली करायला रोमचा गाजलेला वक्ता, साक्षात सिसेरो उभा राहिला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीपासून या पाण्याची तारीख पे तारीख चाललेली आहे.

तर आपण आहोत उंब्रियात. इटलीच्या त्या बुटासारख्या द्वीपकल्पातलं हे एकमेव राज्य, ज्याला समुद्रही नाही आणि परदेशाची सीमाही नाही. रोमहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या फास्ट ट्रेन इथूनच धडधडत जातात, आणि आतले बहुतेक लोक तेव्हा मोबाईलमधे असतात. उतरणारे उतरतात ते असिसीला, संत फ्रान्सिसच्या गावाला, आणि ते सुंदरच आहे, पण त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत म्हणून आपण तिकडे जाणार नाही. आपण आज अशा जागा बघतोय जिथे नुसतं बघून काही कळत नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं, ते काम आज माझं.

आता हे बघा, हे तेर्नीच्या पश्चिमेला, आविल्यानो उंब्रो गावाजवळ. पत्र्याच्या शेडखाली मातीत उभे असलेले हे खुंट दिसतायत ना, पहिल्यांदा बघितलं तर कोणाला वाटेल वखारीचं काम अर्धवट सोडून मालक पळून गेला. हे दुनारोब्बाचं जंगल. वय २० ते ३० लाख वर्षं! विटांसाठी चिकणमाती काढायची खाण होती इथे, खणता खणता एकेक बुंधा वर यायला लागला, सिकोयासारख्या अवाढव्य झाडांचे, साधारण पन्नास बुंधे, आणि सगळे जिथे उगवले तिथेच उभे. जीवाश्म म्हटलं की आपल्या डोक्यात दगड येतो, पण हे दगड झालेलेच नाहीयेत, हे अजून लाकूड आहे. तेव्हा इथे मोठं तळं होतं, त्याच्या काठच्या दलदलीत ही झाडं होती, गाळ येत गेला, झाडं गाडली गेली, हवा लागली नाही म्हणून कुजली नाहीत. आता उघड्यावर आली म्हणून शेड. म्हणजे लाखो वर्षं मातीखाली नीट राहिलेलं लाकूड आपण बाहेर काढलं आणि आता त्याला ऊन-पावसापासून सांभाळत बसलोय. सांगायला विचित्र वाटतं, पण तिथे उभं राहिल्यावर गप्प व्हायला होतं हे मात्र खरं.

पूर्वेला निघालो की रस्ता चढायला लागतो. नोर्चा मागे टाकलं, घाट संपला आणि एकदम हे असं! पियानो ग्रांदे. डोंगरांच्या मधोमध परातीसारखं सपाट मैदान, पूर्वी इथे तळं होतं, आणि आजही पावसाचं पाणी मैदानातल्या एका भोकातून जमिनीत गडप होतं. त्या टेकाडावरचं गाव ते कास्तेलुच्चो, उंची १४५२ मीटर. मे अखेरपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत इथे लाल, निळे, पिवळे पट्टे उमटतात, लाल ती खसखशीच्या जातीतली पॉपी, पिवळी रानमोहरी. आपल्याला लगेच कास आठवतं, पण कासला फुलं आपली आपण येतात, इथे मात्र ही सगळी फुलं म्हणजे मसुरीच्या शेतातलं तण आहे. हो, तण! शेतकरी तणनाशक मारत नाहीत म्हणून ते उगवतं, आणि ते बघायला एवढी गर्दी होते की त्या दिवसांत गाड्यांवर बंदी घालावी लागते. मसूर मात्र बारीक दाण्याची, पातळ सालीची, भिजवायची गरज नाही, आणि हे लोक सॉसेज टाकून तिची जी दाटसर आमटी करतात ती थंडीत एकदा तरी खावी अशी आहे.

आता गाव जवळून बघूया... नाही, हे बांधकाम चाललेलं नाहीये फक्त. ३० ऑक्टोबर २०१६ ला सकाळी ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हे गाव जवळजवळ झोपलं. खाली नोर्चात संत बेनेदिक्तच्या चर्चची पुढची भिंत तेवढी उभी राहिली, बाकी सगळं खाली. पण २०१७ चा वसंत आला तेव्हा रस्ते बंद असूनही इथल्या लोकांनी ट्रॅक्टरचा ताफा वर नेला आणि मसूर पेरली, कारण पेरणी कोणासाठी थांबत नाही. त्या वर्षीही फुलं आलीच.

आणि समोरच्या डोंगरावर ती हिरवी झाडी दिसतेय का, जरा झूम करतो. काही ओळखीचं वाटतंय? इटलीचा नकाशा आहे तो! १९६१ मधे देशाच्या एकीकरणाला १०० वर्षं झाली म्हणून झाडं लावून काढलेला.

रस्त्यात राझिल्या लागतं, घरांच्या मधून झरे खळाळत जाणारं इवलंसं गाव, पूर्वी या पाण्यावर चक्क्या आणि माग चालायचे. छान आहे, पण रविवारी जाऊ नका, रील काढणाऱ्यांची रांग असते. त्रासिमेनोचं सरोवरही पटकन दाखवतो, एवढं पसरलेलं आणि सर्वात खोल जागी जेमतेम सहा मीटर. याच्या काठावर इसवी सनापूर्वी २१७ मधे कार्थेजचा सेनापती हॅनिबलने धुक्यात रोमन फौजेला गाठलं होतं. आज दुपारी इथे बदकं आणि आजोबालोक.

आता मी ज्याच्यासाठी हा अख्खा व्हिडिओ करायला घेतला ती जागा. गुब्बियो गावाबाहेर बोत्ताचोने नावाची खिंड आहे. रस्त्याच्या कडेला ही गुलाबी दगडाची कापलेली दरड, समोरून गाड्या जातायत, एक माहितीचा बोर्ड आहे, बाकी काही नाही. आमच्या ड्रायव्हरला तर कळेचना की इथे थांबून हे लोक भिंतीचे फोटो का काढतायत.

हा गुलाबी चुनखडीचा दगड म्हणजे खोल समुद्राचा तळ. सूक्ष्म जिवांचे कवच तळाला बसत गेले, हजार वर्षांत साधारण सेंटिमीटरभर, पुढे डोंगर उचलले गेले आणि ती थप्पी कलंडून रस्त्यावर आली. म्हणजे या भिंतीच्या कडेने तुम्ही चाललात की दर पावलाला हजारो वर्षं मागे पडतात. आता इथे, जिथे दगड खरवडून खोबण पडलीये, तिथे मधे एक चिकणमातीची पट्टी आहे, बोटाएवढी. तिच्या खालच्या दगडात सूक्ष्म जीव मोठे मोठे आणि भरपूर प्रकारचे, आणि वरच्या दगडात एकदम बारके, मोजकेच. मधे काय झालं?

१९७० च्या दशकात वॉल्टर अल्वारेझ हा अमेरिकन भूवैज्ञानिक इथे याच प्रश्नाने अडला. त्याचे वडील लुई अल्वारेझ, भौतिकशास्त्रातले नोबेलवाले, १९६८ चे. बापाने सुचवलं की त्या मातीत इरिडियम मोजूया. हा धातू पृथ्वीच्या कवचात नगण्य असतो, पण अवकाशातून धूळ पडत राहते तिच्यातून थोडा थोडा येतो, तर त्यावरून ती पट्टी जमायला किती वर्षं लागली ते कळेल. मोजला तर आजूबाजूच्या दगडापेक्षा सुमारे ३० पट जास्त! एवढा इरिडियम नुसत्या धुळीतून येणं शक्यच नव्हतं. १९८० मधे त्यांनी फ्रँक असारो आणि हेलन मायकल यांच्यासोबत मांडलं की साधारण १० किलोमीटरचा लघुग्रह आदळला आणि डायनासोर त्याच धक्क्यात गेले. लोक हसले, भांडले, आणि मग मेक्सिकोत युकातानला तो खड्डा ओळखला गेला, सुमारे १८० किलोमीटर रुंद.

आणि आता आपला संबंध. ही पट्टी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, आणि त्याच काळात इकडे दख्खनमधे लाव्हा बाहेर पडत होता, थरावर थर, ज्याचा आपला सह्याद्री झाला, ज्या काळ्या पाषाणात वेरूळ कोरलं. डायनासोर मेले ते नुसत्या लघुग्रहाने की दख्खनच्या लाव्हाचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञ अजून हमरीतुमरीवर येतात. मी राजगडाच्या पायऱ्या किती वेळा चढलोय, कधी डोक्यात आलं नव्हतं की त्याच काळाचा दुसरा पुरावा इटलीतल्या एका रस्त्याच्या कडेला एवढासा चिकटलेला असेल. मी बोट लावून बघितलं. थंड लागतं, आणि जरा ओलसर.

गुब्बियोहून पश्चिमेला तासाभरात मोंतोने. टेकडीवरचं चिमुकलं दगडी गाव, खाली टायबर नदीचं वरचं खोरं. नावं मात्र ओळखीची निघतील. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला याच खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि एका सेक्शनमधले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. उरले एकटे नाईक यशवंत घाडगे, रायगडातल्या माणगाव तालुक्याचे, वय २२. ते थांबले नाहीत, धावत जाऊन ग्रेनेडने मशीनगन उडवली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने पाडलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. त्यांची वेगळी कबर नाही, कासीनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि माणगावात पुतळा.

२०२३ मधे मोंतोनेच्या लोकांनी इथे त्यांचं स्मारक केलं, आणि ते सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमधे लिहिलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही पोचलो तेव्हा ढग होते, सावलीच पडेना, म्हणून कठड्यावर बसून राहिलो. खाली तंबाखूची शेतं. टायबर इथून रोमकडे जाते, आणि वाटेत तिला नेरा येऊन मिळते, म्हणजे सकाळी भोंगा वाजवून सोडलेलं ते मार्मोरेचं पाणीही शेवटी हिच्यातच येतं. साडेचारच्या सुमाराला ऊन आलं. हा बघा, हा तो शॉट.