निळ्याचं विटकरी होताना

[दृश्य: नाशिक. ज्युनिअर कॉलेजची केमिस्ट्री लॅब]

बारावीच्या पोरांना केमिस्ट्रीचं विचारा. फिजिकलला सूत्रं आहेत, इनऑर्गॅनिक पाठ होतं. ऑर्गॅनिक म्हटलं की चेहरे पडतात. कन्व्हर्जन, रिएजंट, वहीभर बाण. आणि बायोमॉलिक्युल्स, म्हणजे साखरा-प्रथिनांसारखे सजीवांतले रेणू? तो धडा येईतो प्रिलिम डोक्यावर आलेली असते. मग तो सरळ ऑप्शनला. नाशिकच्या पोरांनी तरी तो ऑप्शनला टाकू नये.

[दृश्य: परीक्षानळी, जवळून]

हा द्राक्षाचा रस. गाळलेला, पातळ केलेला. त्यात साखर ओळखायच्या फेहलिंग चाचणीची दोन द्रावणं, ए आणि बी, सारखी घेऊन. ए म्हणजे मोरचुदाचं पाणी. बीमध्ये कॉस्टिक सोडा आणि रोशेल सॉल्ट. दोन्ही एकत्र आली की गर्द निळा रंग. नळी उकळत्या पाण्यात ठेवली. जरा वेळ काहीच नाही. मग हिरवट झाक, मग पिवळट गढूळपणा, आणि तळाशी विटकरी साका. हा क्युप्रस ऑक्साइड. साखरेनं तांब्याला इलेक्ट्रॉन दिले, त्याची ही पावती.

आता बीची बाटली बघा. रोशेल सॉल्ट म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेट, आणि टार्टारिक आम्ल हे द्राक्षाच्या आंबटपणामागचं मुख्य आम्ल. सोड्यात तांबं तळाला बसू नये म्हणून टार्टरेट त्याला धरून ठेवतं. तपासायचं द्राक्ष, आणि तपासणाऱ्या बाटलीतही द्राक्षाचंच आम्ल! याच आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक लुई पाश्चरनं १८४८ साली हातानं निवडून वेगळे केले. काही डावे, काही उजवे. एकमेकांची आरशातली रूपं. रेणूला अशी डावी-उजवी रूपं देणाऱ्या कायरल कार्बनवरचे आजचे मार्क तिथून सुरू होतात.

[दृश्य: दिंडोरी तालुका, द्राक्षबाग]

वर्गातल्या काहींच्या घरी बाग आहे. तिथे वडील जीएची पावडर आधी ॲसिटोनमध्ये विरघळवतात, मग पाण्यात. नुसत्या पाण्यात ती नीट विरघळत नाही. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. बिनबियांच्या मण्याला स्वतःचं जिबरेलिन कमी पडतं, म्हणून ते वरून द्यायचं. मणी लांबतो, फुगतो. या रेणूवर कार्बॉक्सिल गट आहे, आम्लपणा देणारा. ॲसिटोन तर कीटोनच्या धड्यातलं पहिलं नाव. पोरगं पंप धुतं, मग आत जाऊन तोच धडा घोकतं. आपण शिकवतोच तसं, त्याचा काय दोष?

[दृश्य: पुन्हा लॅब]

एखादी मुलगी मात्र सरांना अडवते. ‘सर, द्राक्षात फ्रुक्टोज पण असतं ना? ते कीटोन. अल्डिहाइड फेहलिंगची चाचणी देतात, कीटोन देत नाहीत, तुम्हीच लिहून दिलंय. मग नुसतं फ्रुक्टोज घेतलं तरी लाल का येतं?’

सर खूश होतात. अल्कलीमध्ये फ्रुक्टोज एनडायॉल या मधल्या रूपाच्या वाटेनं रूप पालटतं. त्यातलं काही ग्लुकोज होतं, काही मॅनोज, आणि ती दोन्ही अल्डिहाइड, म्हणून लाल येतं. अल्कली आली कुठून? बीच्या बाटलीतला कॉस्टिक सोडा.