अ.पा.क. कोण?

सातबारा उतारा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. खातेदार वारला आणि वारस लहान असला, की त्या मुलाच्या नावापुढे तीन अक्षरं येतात: अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे बहुधा आईचं नाव असतं. मुलाच्या जमिनीला राखणदार हवा, हे आपल्याकडे फार पूर्वी मान्य झालेलं आहे. १८९० चा पालक आणि पाल्य अधिनियम आजही लागू आहे. त्यात मालमत्तेचा पालक आहे तसा मुलाच्या जिवाचा पालकही आहे. पण वकिलीच्या इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेले अर्ज, घटस्फोटातला ताबा सोडला तर, जमीन, फ्लॅट नाहीतर मुदतठेव यांच्यासाठीच होते. ज्या मुलाच्या नावावर काहीच नाही, त्याचा अ.पा.क. कोण, हे विचारायला माझ्याकडे कोणी आलं नाही.

आज मी बोलणार आहे ते अशाच मुलांबद्दल. आईबापांशिवाय परक्या देशात एकट्याच पोचलेल्या.

काही वर्षांपूर्वी आपल्या पुण्यातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यातून बारा-तेरा वर्षांच्या एका नेपाळी मुलाला सोडवून बालकल्याण समितीपुढे आणलं होतं. मी तिथे मदतीला गेले होते. मराठी त्याला येत नव्हती, हिंदी तुटकी. जवळच्या सोसायटीतले वॉचमनदादा नेपाळचे, म्हणून दुभाषे म्हणून त्यांना बोलावलं. थोड्या वेळाने एक गृहस्थ आले, "मी याचा काका." हातात कागद होते. मुलाला विचारलं, तर त्याने खाली मान घालून हो म्हटलं. कागद पुढे सरकणार, तेवढ्यात वॉचमनदादांनी मुलाला त्याच्या भाषेत हळूच विचारलं, "तुझी आई यांना काय म्हणून हाक मारते?" मुलाला उत्तर देता येईना, रडायलाच लागला. ते गृहस्थ हॉटेलांना पोरं पुरवणारे निघाले.

त्या खोलीत पोलीस होते, समिती होती, मी वकील होते. आम्ही सगळे आपापलं काम नीटच करत होतो. पण मुलाच्या आईची आठवण त्या एका माणसाला झाली, आणि कायद्याने त्याला तिथे काही स्थान नव्हतं. पालकाचं काम म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

लोक इथे गल्लत करतात. जेवू-खाऊ घालणारा तो सांभाळणारा. खटला लढवणारा तो वकील. पालक या दोघांहून वेगळा. शाळा कोणती, शस्त्रक्रियेला संमती द्यायची का, आश्रयाचा अर्ज करायचा की घरच्यांचा शोध घ्यायचा, हे मुलाशी बोलून ठरवणारा, आणि प्रत्येक सुनावणीला त्याच्या शेजारी बसणारा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ मध्ये एकट्या परदेशी मुलांबद्दल सविस्तर टिपण काढलं. असं मूल आढळलं की लगेच पालक नेमा, आणि ते १८ वर्षांचं होईपर्यंत किंवा देश कायमचा सोडेपर्यंत तो ठेवा, असं त्यात आहे. ज्याचा हितसंबंध मुलाच्या हिताशी टक्कर घेतो त्याला पालक नेमू नका, हेही आहे. नात्यात नसलेल्या आणि मुलाशी मुख्यतः मालकाचं नातं असलेल्या माणसाला तर वगळाच, असं स्पष्ट लिहिलं आहे. ते वाचताना मला ते 'काका' आठवले.

पालक नसला तर काय होतं, हे ब्रिटनने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं. २ डिसेंबर १९३८ ला नाझी जर्मनीतून निघालेली मुलांची पहिली तुकडी हारिच बंदरावर उतरली. युद्ध पेटेपर्यंत अशी सुमारे दहा हजार मुलं आली, बहुतेक ज्यू. त्यांना घरं मिळाली, शाळा मिळाल्या, पण कायद्याने त्यांचं कोणी नव्हतं. ज्यू मूल ख्रिस्ती घरात वाढत असेल तर त्याच्या धर्माचं काय, यावर मोठे वाद झाले. शेवटी १९४४ मध्ये खास कायदा करावा लागला आणि लॉर्ड गोरेल या एका गृहस्थांना या मुलांचं पालक नेमलं. हजारो मुलांना एक पालक! सही करायला तो पुरेसा असेल. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळ गांधीनगरला तुम्ही गेला असाल. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे वसले. त्याआधी, १९४३ ते १९४८, तिथे वळिवड्याची पोलिश छावणी होती. सोव्हिएत रशियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक तिथे राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं. जामनगरचे राजे जामसाहेब यांनी जवळच्या बालाचडीला सांभाळलेली अनाथ मुलंही १९४६ मध्ये वळिवड्याला आली. पोलंडमध्ये तोवर कम्युनिस्ट राजवट आली होती. तिथे परत जायचं की आणखी कुठे, हे आईबाप नसलेल्या मुलाच्या वतीने कोणी ठरवायचं? अन्न, निवारा, शाळा असूनही हा प्रश्न उरतोच.

आता युरोप याची उत्तरं शोधतोय. मला सगळ्यात भावलं ते इटलीचं. तिथल्या २०१७ च्या ४७ क्रमांकाच्या कायद्याने सामान्य नागरिकांना स्वेच्छेने पालक होता येतं. शिक्षिका, निवृत्त कारकून, कोणीही. प्रशिक्षण घ्यायचं, बाल न्यायालयाच्या यादीत नाव घालायचं, आणि साधारणपणे तीनपेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत. जर्मनीत बहुधा सरकारी अधिकारीच पालक असतो. ब्रेमेनमध्ये २००६ मध्ये अशा पालकत्वाखालचं एक स्थानिक लहान मूल मृत सापडलं. त्या अधिकाऱ्याकडे शेकड्यात मुलं होती. त्यानंतर कायदा बदलला: एका अधिकाऱ्याकडे जास्तीत जास्त ५० मुलं, आणि एरवी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ३० चा आकडा घातला, अगदीच लोंढा आला तर ५०. मला तीसही जास्त वाटतात. अमेरिकेत तर मूल स्थलांतर न्यायालयात उभं राहिलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क त्याला नाही.

आपण १९५१ च्या निर्वासित करारात नाही, पण बालहक्क करार १९९२ पासून आपल्याला लागू आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती, तिथे नागरिकत्वाची अट नाही. चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. चांगली माणसं असतात, पण त्या पाचांना रोज किती मुलांचे निर्णय करावे लागतात, ते जाऊन बघा. निवाडा करणारा आणि बाजू धरणारा एकच असू नये, हे माझं मत आहे.

आणि अठरावा वाढदिवस. त्या दिवशी पालक संपतो. पूर्वी आपल्याकडे न्यायालयाने पालक नेमलेलं मूल २१ व्या वर्षी सज्ञान होत असे. १९९९ च्या दुरुस्तीने ते गेलं. ती तरतूद मालमत्तेच्या काळजीपोटी होती, पण ती तीन वर्षं एकट्या पोराला फार मोलाची असतात. इटलीत न्यायालय अशा मुलाला सामाजिक सेवांचा आधार २१ पर्यंत वाढवून देऊ शकतं.

तो नेपाळी मुलगा घरी पोचला. वॉचमनदादांना त्याच्या आईचा फोन आला होता.

तुमच्यापैकी कोणाला नेपाळी, बांगला, अफगाणिस्तानातली दारी, अरबी, कुठलीही परकी भाषा येत असेल, तर मी सभा संपल्यावर दाराशी थांबणार आहे. एक वही ठेवली आहे. नाव, फोन आणि भाषा एवढं लिहून जा. मूल आलं की मी बोलावीन.