टेस्ट हिरवी, डबा दारात! चॅटबॉटची टेस्टिंग मराठीत करताना

नमस्कार मंडळी! आजचा विषय बॉटियम, म्हणजे चॅटबॉट टेस्ट करायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, ओपन सोर्स आहे, नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते, एनपीएमने, म्हणजे नोडच्या पॅकेज इन्स्टॉलरने, टाकली की काम सुरू. पण आधी खाड्याचा किस्सा ऐका.

सदाशिव पेठेत ओळखीच्या एका काकूंची मेस आहे, त्यांना मी बॉट करून दिला. पोरांनी रात्री 9 च्या आत सांगितलं की उद्याचा डबा बंद, खाडा लागला, पैसे वजा. सोपं ना? मी कोडमध्ये 21 च्या जागी 9 लिहिलं. म्हणजे सकाळी 9 नंतर जो कोणी सांगेल त्याला बॉट म्हणणार ‘उद्याचा डबा बंद केला नाही, वेळ संपली’. पोरं गावाला, डबे दाराला लटकलेले, आणि काकू मला म्हणतात, ‘अरे तू तपासलं होतंस ना?’

तपासलं होतं हो! टेस्ट हिरवी, म्हणजे पास होती, गंमत तिथेच आहे.

बॉटियममध्ये टेस्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, कॉन्वो म्हणतात तिला. पहिल्या ओळीत टेस्टचं नाव, मग ‘हॅश मी’ लिहून खाली युजर काय बोलतो ते, मग ‘हॅश बॉट’ लिहून खाली बॉटने काय बोलायला हवं ते. मी ‘हॅश बॉट’खाली लिहिलं होतं ‘उद्याचा डबा बंद केला’, आणि मॅचिंग ठेवलं होतं इन्क्लूड, म्हणजे उत्तरात एवढा तुकडा सापडला की पास. आता बघा, मराठीत ‘नाही’ येतं कुठे? शेवटी! ‘बंद केला नाही’ मध्ये ‘बंद केला’ आहेच की. बॉट नाही म्हणतोय आणि टेस्ट टाळ्या वाजवतेय.

मग मी मॅचिंग रेगेक्सवर, म्हणजे मजकुराचा नमुना लिहून जुळवण्यावर, नेलं आणि शेवटाला डॉलरचं चिन्ह टाकलं, म्हणजे ‘केला’ वरच वाक्य संपलं पाहिजे. लगेच लाल, म्हणजे नापास. लाल बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

दुसरी फाइल अटरन्सेसची. वर एक नाव, खाली एकाच गोष्टीचे जितके प्रकार सुचतील तितके: उद्या डबा नको, उद्या नकोय, खाडा टाका, काकू उद्या गावाला चाललोय. हे मी मनाने लिहीत बसलो नाही, पोरांचे जुने मेसेज काढले, कारण ‘खाडा’ मला घरी बसून सुचलाच नसता. कॉन्वोमध्ये ते नाव टाकायचं आणि एक्सपान्शन चालू केलं की प्रत्येक ओळीची वेगळी टेस्ट होते. मोका किंवा जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलमधून सगळं एकदम पळवता येतं.

आणि हो, ‘दुसऱ्या’ हा शब्द! कुणाच्या कीबोर्डवर तो अर्धा र एकाच कोडचा ऱ घेऊन येतो, कुणाकडे साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर डिट्टो सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपं एकसारखी करणारं फंक्शन, इथे उपयोगी पडत नाही, मी दीड तास घालवून बघितलंय, स्वतःच रिप्लेस लिहायचं बॉटमध्ये, आणि अटरन्सेसमध्ये दोन्ही रूपं ठेवायची.

चला, आता टर्मिनल उघडतो, काकूंचा बॉट परत लाल करून दाखवतो.